तिचं चर्च, त्याच्या घरापासून जरा लांब

नवरा-बायकोचं भांडण किती दिवस टिकतं? आमच्या घरी म्हणाल तर चहाचा दुसरा कप होईपर्यंत. पण ग्रीनलंडमध्ये एका भांडणाची खूण हजार वर्षांनंतरही जमिनीवर दिसते आणि लोक विमानाने, मग बोटीने तिथे जाऊन ती बघून येतात. मीही बघून आले.

माझी धाकटी नणंद डेन्मार्कमध्ये असते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिच्याकडे गेलो होतो. तिने आधीच ग्रीनलंडची तिकिटं काढून ठेवली होती. मला वाटलं, सगळीकडे बर्फच बर्फ, तिथे बघायचं काय? बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माझ्यासारखीला व्हायकिंग म्हणजे शिंगांचं शिरस्त्राण घातलेले दाढीवाले लुटारू, एवढंच ठाऊक. (तसली शिंगं ते घालतच नव्हते म्हणे!) कोपनहेगनहून पाच तासांच्या आत आमचं विमान दक्षिण ग्रीनलंडमध्ये नार्सार्सुआकला उतरलं. दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, अमेरिकेने बांधलेला हा विमानतळ. समोर समुद्राचा लांबच लांब आत घुसलेला फाटा, ज्याला तिकडे फ्योर्ड म्हणतात. त्यात निळसर हिमखंड तरंगत होते. आणि पलीकडच्या काठावर चक्क हिरवंगार गवत! त्या हिरव्या उतारावरचं छोटंसं गाव म्हणजे कासिआर्सुक. वस्ती शंभराचीही नाही. मेंढपाळांचं गाव. १९२४ साली ऑटो फ्रेडरिक्सन नावाच्या ग्रीनलंडच्या माणसाने तिथे मेंढ्या पाळायला सुरुवात केली आणि गाव वसलं. पण त्याच जागेवर हजार वर्षांपूर्वी दुसरं गाव होतं. त्याचं नाव ब्राटाहलिद, म्हणजे उभा उतार.

ते वसवलं एरिक नावाच्या माणसाने. केसांमुळे त्याला लाल एरिक म्हणत. आइसलंडमध्ये खून-मारामाऱ्या करून तीन वर्षांची हद्दपारीची शिक्षा झालेला हा गृहस्थ. ती तीन वर्षं त्याने पश्चिमेकडचा हा मुलूख हिंडून बघण्यात घालवली आणि परत येऊन त्याचं नाव ठेवलं ‘हिरवा देश’. चांगलं नाव असलं की लोक यायला तयार होतात, असं त्याचं म्हणणं होतं. आपल्याकडचे बिल्डर डोंगर कापून ‘वनराई’ नावाची सोसायटी बांधतात, त्यातलाच प्रकार! साधारण ९८५ च्या सुमारास पंचवीस जहाजं निघाली. पोचली चौदा. बाकीची बुडाली तरी किंवा माघारी फिरली. त्या जहाजांत बायका होत्या, पोरं होती, गाई होत्या, मेंढ्या होत्या. म्हणजे हे लुटारूंचं टोळकं नव्हतं. बिऱ्हाड हलवलेली माणसं होती ती.

एरिकची बायको थ्योदहिल्ड. नाव उच्चारताना माझी जीभ इतकी अडखळली की नणंदेची मुलगी हसून लोटपोट झाली. आइसलंडमध्ये तेराव्या शतकात लिहिलेल्या ज्या जुन्या गद्यकथा आहेत, ज्यांना सागा म्हणतात, त्यांत या बाईची हकिगत येते. तिचा मुलगा लेफ नॉर्वेच्या राजाकडून ख्रिस्ती धर्म घेऊन घरी आला. एरिकला ते मुळीच पसंत नव्हतं. आपले जुने देव सोडायला तो तयार होईना. थ्योदहिल्डने मात्र लगेच नवा धर्म स्वीकारला आणि एक छोटं चर्च बांधून घेतलं, घरापासून जरा लांब. पुढे सागाकार अगदी सहज सांगून जातो, की धर्म बदलल्यावर तिने नवऱ्याशी संबंध ठेवायला नकार दिला आणि एरिकला ते फार लागलं.

बास, एवढंच. त्याने तिला मारलं, घराबाहेर काढलं, चर्च पाडलं असं काही तिथे नाही. मी वीसेक वर्षं आमच्या भागात बायकांच्या प्रश्नांवर काम करते. घरात वेगळं मत असलेल्या बाईचं काय होतं ते रोज बघते. त्यामुळे ही दोन-तीन वाक्यं मी पुन्हा पुन्हा वाचली. हद्दपार झालेला, हाताला रक्त लागलेला, गावाचा मालक असलेला माणूस. आणि त्याच्या बायकोने त्याच्याच जमिनीवर आपलं वेगळं देवघर थाटलं. हे तिला कसं जमलं असेल? माहेर भक्कम होतं म्हणून? की गावातल्या इतर बायकाही तिच्या बाजूच्या होत्या म्हणून? आइसलंडमध्ये वस्ती करायला आलेल्या बायकांपैकी निम्म्याहून अधिक आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या होत्या, असं आजच्या आइसलंडवासीयांच्या मातृवंशाच्या तपासणीतून दिसतं. त्या भागात ख्रिस्ती धर्म कधीचाच रुजला होता. बऱ्याच जणी गुलाम म्हणून आणलेल्या. म्हणजे राजाचा निरोप यायच्या आधी चुलीजवळ हे नाव कुजबुजलं गेलं असणार, असं आपलं मला वाटतं.

आता ते चर्च. २००० सालच्या सुमारास तिथे थ्योदहिल्डच्या चर्चची आणि एका लांबोळक्या घराची प्रतिकृती बांधली. दुरून बघितलं तर गवत उगवलेला मातीचा ढिगारा. जवळ गेल्यावर लाकडी दर्शनी भिंत आणि बुटकं दार दिसतं. “वहिनी, वाकून या हं,” असं नणंद म्हणेपर्यंत माझं डोकं चौकटीला लागलेलं होतं!

आत गेल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती शांतता. बाहेर वारा नुसता घोंगावत असतो, आत पाऊल टाकलं की बंद. कारण भिंती. झाडं नाहीत, चुना नाही, विटा भाजायला सरपण नाही, अशा ठिकाणी या लोकांनी हरळीसकट जमीन कापली. गवत, मुळं आणि माती असे वड्यांसारखे तुकडे पाडायचे आणि एकावर एक रचायचे. मुळं एकमेकांत गुंततात आणि भिंत एकजीव होते. जाडी एक मीटरहून जास्त. छपरावरही तीच हरळी. आतून लाकडाच्या फळ्या. आपल्याकडच्या माळवदाच्या घरांत मे महिन्यात जसं गार वाटतं, तसं हे उलट, थंडी बाहेर ठेवणारं. ओल्या मातीचा आणि लाकडाचा वास. भिंतींना लागून बाकं. मूळ चर्चचा आतला भाग साधारण दोन मीटर रुंद आणि साडेतीन मीटर लांब होता. चाळीतल्या आमच्या जुन्या खोलीपेक्षाही लहान! वीसेक माणसं दाटीवाटीने बसली तर बसली.

‘मूळ चर्च’ म्हणते, कारण ते खरोखरच सापडलं. १९६१ साली गावातल्या शाळेच्या मुलांसाठी वसतिगृह बांधायचं होतं. पायाचं खोदकाम चालू असताना माणसांच्या कवट्या लागल्या. काम थांबवलं, कोपनहेगनच्या राष्ट्रीय संग्रहालयातले पुरातत्त्वज्ञ आले, आणि पुढची काही वर्षं तिथे उत्खनन झालं. तीन बाजूंना हरळीच्या भिंती, पश्चिमेला लाकडी दर्शनी बाजू अशी एक लहानशी वास्तू आणि भोवती दीडशेच्या आसपास माणसांचे सांगाडे. काळ साधारण इसवी सन १००० आणि त्यानंतरचा. जागा मोठ्या घरांच्या अवशेषांपासून जराशी लांब, आडोशाला. सागा घडल्यानंतर दोनशे वर्षांहून अधिक काळाने लिहिलेल्या, तेव्हा हेच ते थ्योदहिल्डचं चर्च असं शपथेवर कुणी सांगत नाही. काही अभ्यासक शंकाही घेतात. पण नाव तिचंच पडलं. मला त्याचा आनंद झाला. आम्ही गावोगावी घराच्या उताऱ्यावर नवऱ्यासोबत बायकोचं नाव लावून घेतो, तेव्हा एका नावासाठी किती खेपा पडतात ते मला माहीत आहे. इथे फ्योर्ड एरिकची, वस्ती एरिकची, वरच्या टेकडीवर पुतळा लेफचा. तिच्या नावावर एवढी एकच वास्तू.

कबरींबद्दल ऐकलं तेव्हा मात्र मी गप्प झाले. चर्चच्या दक्षिणेला बहुतेक पुरुष पुरलेले, उत्तरेला बहुतेक बायका. दक्षिण म्हणजे उन्हाची बाजू. बाईने बांधलेल्या चर्चच्या अंगणातही बायका सावलीतच! त्यावर नणंदेने टोला दिलाच, “वहिनी, तुमच्या हळदीकुंकवाला पुरुष कुठे बसतात?” तिचं म्हणणं मला फारसं पटलं नाही, पण हसू आलं.

त्याच अंगणात एक सामाईक खड्डा सापडला. त्यात बारा पुरुष आणि नऊ-एक वर्षांचा एक मुलगा, हाडं सुटी झालेली. कुठेतरी लांब मेलेल्या माणसांची हाडं गोळा करून घरी आणली असावीत, असा अंदाज आहे. अशी पद्धत होतीच. थ्योदहिल्डचा एक मुलगा थोरस्टाइन. तो लांबच्या वस्तीत साथीच्या आजाराने गेला, तेव्हा त्याचा देह बोटीने आणून याच फ्योर्डमधल्या चर्चपाशी पुरला असं सागा सांगते. आपल्या हाताने उभारलेल्या चर्चच्या अंगणात मुलगा ठेवायची वेळ त्या माउलीवर आली की नाही, कुणास ठाऊक. ती तोवर हयात होती का, हे सागाकाराने लिहिलेलं नाही.

पण थोरस्टाइनच्या बायकोबद्दल त्याने भरपूर लिहिलंय. तिचं नाव गुद्रिद. नवरा गेल्यावर ती सासरी, ब्राटाहलिदला परत आली. आणि तिथेच, सासरच्या घरात, तिचं दुसरं लग्न लागलं, आइसलंडहून आलेल्या थोरफिन कार्लसेफ्नी नावाच्या व्यापाऱ्याशी. विधवा सुनेचं लग्न सासरचे लावून देतात आणि त्या हिवाळ्यात घरात सणाची धामधूम असते, हे हजार वर्षांपूर्वीचं! मग ही बाई नवऱ्याबरोबर जहाजात बसून आणखी पश्चिमेला गेली, ज्याला ते व्हिनलंड म्हणत आणि आपण अमेरिका म्हणतो. तिथे तिला मुलगा झाला, स्नोरी. अमेरिकेत जन्मलेलं, आपल्याला माहीत असलेलं पहिलं युरोपीय बाळ. म्हातारपणी ती रोमची यात्रा करून आली आणि आइसलंडमध्ये जोगीण होऊन राहिली.

या सगळ्याला लोक कथाच समजत होते, निदान अमेरिकेपर्यंतचा भाग. १९६० मध्ये नॉर्वेचे हेल्गे इंगस्टाड कॅनडात, न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला, लान्स ओ मेडोज नावाच्या कोळ्यांच्या वाडीत पोचले. जॉर्ज डेकर नावाच्या तिथल्या रहिवाशाने त्यांना गवताखालचे उंचवटे दाखवले. पुढे १९६१ ते १९६८ तिथे उत्खनन झालं. ते कुणाच्या देखरेखीखाली झालं, तर हेल्गे यांच्या पत्नी आन स्टीन इंगस्टाड यांच्या. प्रशिक्षित पुरातत्त्वज्ञ त्या होत्या, ते नव्हते. हरळीच्या भिंतींच्या आठ वास्तूंचे अवशेष मिळाले. पण घरं कुणाचीही असू शकतात. १९६४ साली तिथे शंखजिऱ्याच्या मऊ दगडाची एक लहानशी चकती मिळाली, मधोमध भोक असलेली. टकळीला खाली वजन म्हणून लावतात ती! सूत कातायची चकती स्कॅंडिनेव्हियन पद्धतीची, म्हणजे इथे नॉर्स माणसं होती. आणि त्या समाजात सूत कातणं बायकांचं काम, म्हणजे इथे बायकाही होत्या. तलवारीने नव्हे, टकळीच्या चकतीने हे सांगितलं. तिथेही आता जुन्या घरांच्या प्रतिकृती उभ्या आहेत. २०२१ मध्ये तिथल्या लाकडांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९९३ सालच्या एका वैश्विक घटनेची खूण त्या लाकडांच्या वलयांत होती. तिच्यापासून वलयं मोजली, तेव्हा ती झाडं १०२१ साली तोडली असं नक्की झालं.

चकतीमुळे मी ब्राटाहलिदच्या त्या दुसऱ्या प्रतिकृतीकडे, लांबोळक्या घराकडे, वेगळ्या नजरेने बघितलं. मधोमध लांब चूल, दोन्ही बाजूंना बसायचे आणि झोपायचे ओटे. ग्रीनलंडची एक तरुण मुलगी आम्हाला माहिती सांगत होती. या लोकांचे माग भिंतीला टेकवलेले, उभे असत. उभे धागे ताणायला खाली दगडाची वजनं टांगायची आणि बाईने उभ्याने, येरझाऱ्या घालत विणायचं. पुरुषांचे अंगरखे, पांघरुणं, इतकंच काय, जहाजांची शिडंसुद्धा लोकरीची! एका मोठ्या शिडाला हजारो तासांचं काम लागायचं. लेफने समुद्र ओलांडला म्हणून त्याचा पुतळा. शीड विणणाऱ्यांची यादी कुठेच नाही.

दूधदुभतंही बायकांकडेच. लोणी काढायचं, दूध विरजून, पाणी निथळून स्कीर करायचं. स्कीर म्हणजे थेट आपला चक्काच, फक्त त्यात साखर-वेलदोडा घालून श्रीखंड करायचं त्यांना सुचलं नाही! उन्हाळ्याचे दोन-तीन महिने गवत कापून वैरण साठवायची आणि हिवाळाभर गाई गोठ्यात कोंडून ठेवायच्या. वसंतात त्या इतक्या अशक्त झालेल्या असत, की धरून-उचलून बाहेर काढाव्या लागत म्हणे. मी मराठवाड्यातल्या चारा छावण्या पाहिल्यात. त्यामुळे मला ते चित्र डोळ्यासमोर आणायला कष्ट पडले नाहीत.

मग हवा हळूहळू गार होत गेली. ते चर्चच्या अंगणातल्या हाडांतूनही कळतं. सुरुवातीच्या माणसांच्या खाण्यात समुद्रातलं अन्न साधारण वीस टक्के होतं. शेवटच्या पिढ्यांत, इतर कबरस्तानांत, ते ऐंशी टक्क्यांपर्यंत गेलेलं दिसतं. म्हणजे गाईच्या दुधावरची माणसं सीलच्या मांसावर आली. घरात काय शिजणार हे बदललं की सगळ्यात आधी कुणाला कळतं, ते सांगायला नको.

आणि कापड बदललं. हा भाग मी घरी परतल्यावर वाचला. मिशेल हेयर स्मिथ या पुरातत्त्वज्ञ बाईंनी ग्रीनलंडच्या जुन्या चिंध्या, हो, अक्षरशः चिंध्या, भिंगाखाली धरून धागे मोजले. उभे किती, आडवे किती. आइसलंडमध्ये विकायच्या कापडाचं एक ठरलेलं माप होतं. ग्रीनलंडच्या बायकांनी मात्र, थंडी वाढू लागली त्या काळात, उभ्यापेक्षा आडवे धागे जास्त घालायला सुरुवात केली. आडवा धागा जास्त दाबून बसवला की कापड दाट होतं, ऊबदार होतं. कुणी फर्मान काढलं नव्हतं. एकीने केलं, शेजारणीने पाहिलं, लेकीला शिकवलं. हवामान बदलाशी सामना म्हणून आज मोठमोठ्या परिषदा भरतात. या बायकांनी तो आपल्या मागावर केला.

त्या कापडाचे नमुने नुसते चिंध्याच नाहीत. १९२१ साली पोउल न्योर्लुंड यांनी दक्षिण टोकाजवळच्या हेरयोल्फ्स्नेसच्या कबरस्तानात गोठलेल्या जमिनीतून सबंध कपडे काढले. अंगरखे, मोजे, मागे लांब शेपटी असलेल्या टोप्या. फोटो बघाल तर म्हणाल, ही तर आपली कुंची! लहान मुलांचे झबलेवजा अंगरखेही आहेत त्यांत. लाकूड दुर्मिळ, म्हणून मृताला शवपेटीऐवजी कपड्यात गुंडाळलं जाई. कोपनहेगनच्या संग्रहालयातल्या एल्स ओस्टेरगोर्ड यांनी या कपड्यांचा टाकान्‌टाका तपासला आणि आना न्योरगोर्ड या विणकर बाईंनी ते पुन्हा तसेच विणून, शिवून दाखवले. प्रतिकृती फक्त घरांच्याच होतात असं नाही.

ग्रीनलंडच्या या वसाहतीची शेवटची लेखी नोंद कशाची असावी? लग्नाची. सप्टेंबर १४०८ मध्ये ह्वाल्से इथल्या दगडी चर्चमध्ये सिग्रिद ब्योर्न्सदोत्तिर आणि थोरस्टाइन ओलाफ्सन यांचं लग्न झालं. त्या चर्चच्या भिंती अजून उभ्या आहेत. १४१० मध्ये जोडपं आइसलंडला निघून गेलं. मागे राहिलेल्यांचं पुढे काय झालं, त्याचं कुणी काही लिहून ठेवलं नाही. काही पिढ्यांत घरांवर गवत चढलं. आणखी तीनेकशे वर्षांनी पुन्हा युरोपची माणसं आली, तेव्हा त्यांना भेटले ते इनुइट लोक. त्यांचेच वंशज आज तिथे मेंढ्या राखतात. २०१७ मध्ये युनेस्कोने हा सारा शेतीचा मुलूख जागतिक वारशाच्या यादीत घातला, तो नॉर्स आणि इनुइट दोघांची शेती म्हणून.

हेरयोल्फ्स्नेसच्या एका शवपेटीत रून लिपीत कोरलेली एक छोटी लाकडी काठी मिळाली. तिच्यावर लिहिलंय, की गुदवेग नावाच्या या बाईला ग्रीनलंडच्या समुद्रात सोडावं लागलं. जहाजावर गेली असणार. किनारा लांब, देह आणणं शक्य नाही. म्हणून कुणीतरी तिचं नाव तेवढं काठीवर कोरलं, ते जपून आणलं आणि चर्चच्या जमिनीत ठेवलं.